फरशीला सुटलेला घाम : उरणहून निघालेल्या एका कंटेनरचं प्रकरण

ऑक्टोबर २०२४ अर्धा सरला होता. दुपारी जेवण उरकून शेडमध्ये आलो तर फोनवर हॉलंडच्या ग्राहकाचे अकरा फोटो येऊन पडले होते. पहिल्यात क्रेटच्या लाकडावर हिरवट-काळी बुरशी. दुसऱ्यात करड्या फरशीवर पिठूळ पांढरा थर, जुन्या भिंतीला लोणा लागतो तसा. तिसरा फोटो बघून मात्र मी खाली बसलो. फरशीवर दोन आडव्या पिवळ्या पट्ट्या उमटल्या होत्या, फूटपट्टीने आखाव्यात इतक्या सरळ. आणि त्या क्रेटमधल्या प्रत्येक फरशीवर, अगदी त्याच जागी होत्या. फोटोंखाली एकच ओळ होती : हा माल लोकांच्या अंगणात कसा बसवायचा ते तुम्हीच सांगा.

एकूण सोळा क्रेट होते, चोवीस टन माल. त्यातले सात त्यांनी बाजूला काढले. हे सगळं सविस्तर लिहायचं कारण एवढंच की उरण-पनवेल पट्ट्यात दगड कापून, भरून बाहेर पाठवणारे आमच्यासारखे लहान कारखाने बरेच आहेत, आणि आमच्या हातून जे झालं ते पावसाळ्यात कोणाच्याही हातून होईल.

माल शहाबादी होता. कलबुर्गी जिल्ह्यातून ट्रकने येणारा करडा चुनखडक. आमच्याकडे तो मापात कापतात, त्याला ब्रश फिनिश देतात, धुतात आणि क्रेटमध्ये उभा भरतात. कापायला पाणी लागतं, ब्रशला पाणी लागतं, धुवायला तर लागतंच. म्हणजे मशीनवरून उतरलेली फरशी मुळात ओलीच असते. वरून ती तासाभरात कोरडी दिसायला लागते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. कोकणात कारखाना चालवणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर उजाडला की एकेक जण गावाची वाट धरतो, आणि विसर्जन होऊन माणसं परत येईपर्यंत शेड रिकामी. म्हणून ऑर्डर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच काढायची असं मी ठरवलं. बाहेर पाऊस धरून होता. सकाळी ब्रश झालेली फरशी दुपारी क्रेटमध्ये जात होती. पावसाचा थेंबही लागू नये म्हणून प्रत्येक क्रेटला वरून-खालून, चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं आणि त्यावर स्टीलच्या पट्ट्या आवळल्या. पॅकिंग इतकं घट्ट झालं होतं की मुकादमाला मी शाबासकी दिली.

जहाज न्हावा शेव्याहून सुटलं. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून युरोपला जाणारी बहुतेक कंटेनर जहाजं सुवेझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालत होती. त्यात दहा-बारा दिवस जास्त जातात, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या वळशात हवा किती वेळा पालटते याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. आपल्याकडचा दमट उकाडा, तसाच विषुववृत्तापर्यंत. मग केप ऑफ गुड होप ओलांडलं की आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह, तिथलं पाणी आपल्या अरबी समुद्रापेक्षा दहाएक अंशांनी थंड. मग पुन्हा विषुववृत्ताची वाफ. आणि शेवटी ऑक्टोबरातल्या युरोपातल्या गार रात्री. एकाच फेरीत गरम-गार-गरम-गार.

पहिला संशय समुद्रावर

फोटो बघून जो तो म्हणाला, कंटेनरला भोक असणार, खारं पाणी आत गेलं. ग्राहकाच्या माणसाने पांढऱ्या थराला बोट लावून चाखलं होतं, चव खारट होती. आम्हाला खरं तर हायसंच वाटलं. समुद्राचं पाणी आत शिरलं असेल तर विम्याचे पैसे मिळतील.

तिथे नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर आला. त्याच्या कामाची पद्धत मला त्याच्या अहवालातून कळली, आणि ती शिकण्यासारखी आहे. खारं पाणी ओळखायला सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण वापरतात. थेंब टाकला आणि मिठातलं क्लोराइड असेल तर तो दुधासारखा पांढरा होतो. चुनखडकावर ही चाचणी करताना आधी पातळ नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर दगडातल्या कार्बोनेटमुळेही पांढरा साका येतो आणि फसगत होते. त्याने ते घातलं होतं. फरशीवरचा थर खरवडून घेतला : दूध. मग कंटेनरचं छप्पर, आतल्या भिंती, दाराचं रबर, तळाच्या प्लायवर सुकलेले ओघळ, सगळीकडे थेंब टाकून पाहिले. एकही पांढरा झाला नाही. शेवटी तो स्वतः कंटेनरमध्ये उभा राहिला, दारं बाहेरून लावून घेतली आणि पाच मिनिटं अंधारात छताकडे बघत राहिला. उजेडाचा एक टिपकाही दिसला नाही.

मीठ होतं ते फक्त दगडावर. बाहेरून आलेलं पाणी लोखंडाला, प्लायला न शिवता नेमकं फरशीवर जाऊन बसणार नाही. ते मीठ फरशीबरोबरच उरणहून गेलं होतं.

उरणच्या माणसाला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. इथल्या मिठागरांवर पिढ्या जगल्या. खाडीलगतच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, त्यात डाळ शिजत नाही म्हणून प्यायला आणि स्वयंपाकाला कोणी घेत नाही. आमच्या मशीनना मात्र तेच पाणी जात होतं, आणि शेवटची धुलाईही त्यानेच. पनवेलच्या रसायनांच्या दुकानातून सिल्व्हर नायट्रेट आणलं, दोन काचेचे ग्लास घेतले. एकात रानसई धरणाचं नळाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. नळाचं पाणी किंचित धुरकट झालं. बोअरच्या ग्लासात ताक ओतल्यासारखं झालं. शेडमधली सगळी माणसं ग्लासाभोवती उभी होती, कोणीच काही बोललं नाही.

मीठ दगडात मुरलं की ते पुढे काय करतं हेही समजून घेतलं पाहिजे. भोवतालच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. खाली आली की परत त्याचे खडे होतात. पावसाळ्यात उघड्या वाडग्यातल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. कंटेनरमध्ये आर्द्रता या रेषेच्या वर-खाली होत राहिली, प्रत्येक फेऱ्यात मीठ थोडं थोडं पृष्ठभागाकडे सरकलं आणि तिथे फुललं. शहाबादी घट्ट असल्यामुळे आमचं नुकसान थरावर निभावलं. भुसभुशीत वालुकाश्म असता तर हेच खडे छिद्रांत वाढून वरचा पापुद्रा सोलून निघाला असता.

पाणी आलं कुठून

मीठ आमचं होतं हे कळलं. पण छपरावरून ठिबकलेल्या पाण्याचे ओघळ तर होतेच, क्रेटवरचा पुठ्ठा लगदा झाला होता. भोक नाही, मग एवढं पाणी कुठलं? याचं उत्तर मला एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसल्यावर मिळालं, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

वीस फुटी कंटेनरच्या आत ३३ घनमीटर जागा असते. तीस अंशांची, पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅम पाणी धरते. म्हणजे कंटेनर पूर्ण रिकामा असला आणि त्यात भर पावसातली हवा कोंडली, तरी तिच्यात पाणी किती? एक लिटर. पाण्याची एक बाटली.

आता लाकूड. एका क्रेटला पन्नास किलो धरलं तर सोळा क्रेटचं आठशे किलो. पावसाळ्यात वखारीतून आलेल्या जंगली लाकडात कोरड्या वजनाच्या ३५ टक्के पाणी सहज असतं. म्हणजे आठशे किलोतलं दोनशे किलो निव्वळ पाणी. प्रवासात ते वाळत वाळत १८ टक्क्यांवर आलं तर शंभर लिटर पाणी लाकडातून बाहेर पडून कंटेनरच्या हवेत आलं. आणि दगड : चोवीस टनांत अर्धा टक्का ओल राहिली असली तरी एकशे वीस लिटर.

हवेतलं एक लिटर, आणि आम्ही हाताने भरलेलं दोनशेच्या वर.

तीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी व्हायला लागते तो, साधारण २७ अंश. बाहेरचा पत्रा फक्त तीन अंशांनी गार झाला की आतून त्याला घाम फुटतो. भाताच्या टोपावरचं झाकण उचललं की पाणी ओघळतं, तसंच हे. बेंग्वेलाच्या थंडीत पत्रा गार, दगड अजून गरम, त्यामुळे छतावर थेंब आणि खाली क्रेटवर पाऊस. मग जहाज परत उष्ण पट्ट्यात शिरलं तेव्हा उलटं. चोवीस टनांचा गार दगड लवकर तापत नाही, म्हणून आता घाम फुटला तो दगडालाच, प्लास्टिकच्या आत. आणि मी अंगावर घट्ट गुंडाळलेल्या त्या प्लास्टिकने तो वाळू दिला नाही.

माझी आत्या गुहागरला आमसुलं करते. लहानपणी मी उन्हातून उचललेली गरम आमसुलं तशीच बरणीत भरायला घेतली तेव्हा तिने हात धरला होता. "आधी गार होऊ दे रे, नाहीतर बरणी आतून रडते." ते वाक्य त्या संध्याकाळी मला आठवलं.

पिवळ्या पट्ट्या

मीठ आणि पाणी उलगडलं तरी पट्ट्या उरल्याच. त्या जिथे होत्या तिथे दोन फरशांमध्ये लाकडी पट्टी सरकवलेली असते, फरशीवर फरशी घासू नये म्हणून. क्रेटचं लाकूड तर पांढरट होतं, ते पिवळा रंग सोडणारं नव्हतं.

मी सुतारकाकांना विचारलं, "काका, मधल्या पट्ट्या कशाच्या होत्या?"

"फणसाच्या. चौकटीच्या कामातली फळकुटं उरली होती, त्यातनंच काढल्या. सरळ रेषेत चिरतो तो."

फणसाचा गाभा पिवळा असतो आणि पाण्यात रंग सोडतो. बौद्ध भिक्षूंची चीवरं पूर्वापार याच लाकडाच्या काढ्यात रंगवत आले आहेत. कोकणात फणसाच्या लाकडाची भांडी-फर्निचर वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत, फक्त ते क्रेटमध्ये जाऊन बसल्यावर कोणाच्या लक्षात आलं नाही. ओल्या दगडाला ओली पट्टी दीड महिना दाबून धरली गेली, दगडाने रंग प्यायला.

यात काकांची चूक मी धरत नाही. निर्यातीच्या पॅकिंगच्या लाकडाला आयएसपीएम-१५ हा नियम लागतो, लाकडाच्या गाभ्यात सलग ३० मिनिटं ५६ अंश तापमान ठेवून कीड मारायची आणि शिक्का मारायचा. पण सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला त्यातून सूट आहे. आमच्या पट्ट्या पाच मिलिमीटरच्या, त्यामुळे त्यांचं लाकूड कोणतं हे कोणी तपासलंच नाही. आणि क्रेटवर एचटीचा, म्हणजे उष्णता दिल्याचा, शिक्का होता, तो बघून मी समजत होतो की लाकूड वाळलेलं आहे. तो शिक्का फक्त कीड मेली एवढंच सांगतो. भट्टीतून निघालेलं लाकूड रात्रभर पावसात पडलं तरी शिक्का तसाच राहतो.

स्टीलच्या पट्ट्यांखाली काही ठिकाणी निळसर काळे डागही होते. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकलं की काळी शाई होते. ओल्या लाकडातला तुरट रस आणि गंजणारं लोखंड एकत्र आलं की तेच होतं.

ग्राहकाकडचा माल

विमा नाकारला गेला. वाईट वाटलं, पण वाचल्यावर पटलंही. सागरी विमा कायदा, १९६३ च्या कलम ५५ प्रमाणे मालाच्या अंगच्या गुणधर्मातून झालेलं नुकसान, वेगळं ठरलं नसेल तर, विमा कंपनीकडे जात नाही. आणि पॉलिसीतल्या सर्वांत रुंद समजल्या जाणाऱ्या 'ए' कलमांतही अपुऱ्या पॅकिंगचं नुकसान वगळलेलं असतं.

सात क्रेट परत आणणं परवडणारं नव्हतं. तिथेच काय वाचेल ते वाचवायचं ठरलं. पांढरा थर आधी कोरड्या ब्रशने झाडायला सांगितला. तो लगेच पाण्याने धुतला तर मीठ विरघळून परत आत जातं. झाडून झाल्यावर मग गोड्या पाण्याने, थोडं थोडं. पिवळ्या पट्ट्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या मातीचा लेप, वरून प्लास्टिक, एक दिवस ठेवून मग सुकू द्यायचा. दोन-तीन लेपांत बहुतेक पट्ट्या फिकट झाल्या. एका गोदाम कामगाराने घाईत एका फरशीवर भांडी घासायचं आम्ल ओतलं, ती फरशी खरखरीत होऊन गेली. चुनखडकावर आम्ल ओतणं म्हणजे दगडच खाऊन टाकणं. स्टीलखालचे काळे डाग आमच्याच्याने निघाले नाहीत. त्या फरशांचे पैसे आम्ही सोडले, आणि उरलेल्या मालावर सूट दिली.

शेडमध्ये काय बदललं

सगळ्यात आधी पाणी. कापायला बोअरचं पाणी अजूनही वापरतो, तेवढं गोडं पाणी मिळणं शक्य नाही. पण शेवटच्या दोन धुलाया नळाच्या पाण्याने होतात, आणि टाकीवर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लटकवला आहे.

वाळवणं हे खरं अवघड काम. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर हवाच इतकी भरलेली असते की शेडमध्ये चार दिवस ठेवून फरशी आतून वाळत नाही, नुसती वाळल्यासारखी दिसते. म्हणून शेडच्या एका टोकाला पत्र्याची बंद खोली केली. दोन गरम हवेचे ब्लोअर, वर बाहेर फेकणारा पंखा, फरशा रॅकवर उभ्या, प्रत्येकीत दोन बोटं अंतर. खोली चाळीस अंशांच्या आसपास ठेवतो. वाळली की नाही हे बघून ठरवायचं नाही, वजनाने ठरवायचं. प्रत्येक खेपेतल्या तीन फरशांवर खडूने खूण करतो आणि सकाळ-संध्याकाळ वजन घेतो. वीस किलोच्या फरशीचं वजन बारा तासांत वीस ग्रॅमहून कमी घटलं तरच ती खेप वाळली. पहिल्या वेळी मुकादमाला हे फार किचकट वाटलं, पण आकडे वहीत उतरायला लागल्यावर तोच आता कोणाला घाई करू देत नाही. खोलीतून काढल्यावर फरशी एक रात्र गार होऊ देतो.

लाकूड मेच्या आत घेऊन छपराखाली रचतो. दोन टोचण्यांचा मॉइश्चर मीटर घेतला आहे, २० टक्क्यांच्या वरची फळी क्रेटला लागत नाही. मधल्या पट्ट्या आता पांढऱ्या फोमच्या आहेत. स्टीलच्या जागी पीईटी प्लास्टिकचे पट्टे, खिळे जस्ताचा मुलामा दिलेले. प्लास्टिक फक्त वरून टोपीसारखं, छताचे थेंब अडवण्यापुरतं, बाजू उघड्या.

कंटेनर आला की रिकामा असतानाच एक जण आत जातो, दारं लावतो, उजेड शोधतो. तळाच्या प्लायला मीटर टोचतो, कारण धुतलेला ओला तळ म्हणजे आणखी काही लिटर पाणी. वरच्या कोपऱ्यांतली हवेची भोकं कोणी टेपने बुजवलेली नाहीत ना, हेही बघतो.

ओल शोषणाऱ्या पिशव्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण फोनवर बहुतेक जण पहिल्यांदा तेच विचारतात. कॅल्शियम क्लोराइडची पिशवी दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओढते, सिलिका जेल तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दहा किलो क्लोराइड लटकवलं तर फार तर वीस-तीस लिटर. ओल्या लाकडातून आणि दगडातून येणाऱ्या दोनशे लिटरपुढे ते काहीच नाही. माल वाळलेला असेल तर उरलीसुरली ओल त्या पिशव्या सांभाळतात, म्हणून आम्ही लावतो. पण पिशवी गळली तर तिच्यातलं क्लोराइडचं पाणी थेट फरशीवर पडतं, म्हणून पाणी आतच जेल करून धरणाऱ्या पिशव्या घ्याव्यात आणि क्रेटच्या डोक्यावर कधीच टांगू नयेत.

पुढची खेप

जानेवारीत पाठवलेला माल चांगला पोचला, पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. खरी परीक्षा जुलै २०२५ ची. तोच ग्राहक, तोच आफ्रिकेचा वळसा, तेवढाच माल. मधल्या क्रेटमध्ये तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा लहानसा लॉगर ठेवला. ग्राहकाने कंटेनर उघडायच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला. पत्र्यावर ओघळ नव्हते, पुठ्ठा कडक होता. लॉगरच्या आलेखात आर्द्रता ७५ च्या वर दोनदा गेलेली दिसली, दोन्ही वेळा थोड्याच तासांसाठी.

सोळातल्या पंधरा क्रेट जशा भरल्या तशा निघाल्या. सोळाव्यात खालच्या ओळीतल्या सहा फरशांवर कडेने फिकट पांढरी रेघ होती. वजनाची वही काढली तेव्हा कळलं की त्या फरशा वाळवणीच्या खोलीत दाराजवळच्या कोपऱ्यातल्या होत्या. तिथे ब्लोअरची हवा पोचत नाही, आणि वजनासाठी खूण केलेल्या तिन्ही फरशा मधल्या रॅकच्या होत्या. आता तीनपैकी एक फरशी कायम कोपऱ्यातली असते. आणि दाराजवळचं ते रॅक रिकामं करून तिथे काकांच्या फळ्या रचल्या आहेत.